विश्लेषण : लोखंड, अमोनिया आणि १५० अंश… दुर्मीळ खनिजांविना शक्तिशाली चुंबक शक्य आहे?

अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत इंजिनीअरिंगच्या कामाशी ज्यांचा संबंध येतो, त्यांना ‘नायट्रायडिंग’ हा शब्द नवा नाही. गिअर किंवा डाय अमोनियाच्या भट्टीत ठेवून टणक करण्याची ही जुनी पद्धत. हीच क्रिया कमी तापमानावर आणि लोखंडाच्या अतिसूक्ष्म कणांवर केली, तर चुंबकीय भुकटी मिळते. तिच्याकडे जगाचे लक्ष का लागले आहे?

चर्चा आताच का?

इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटारींत आणि अनेक पवनचक्क्यांत निओडायमियमचे चुंबक असतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मीळ मूलद्रव्ये व त्यांपासूनच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि भारतातील वाहन कंपन्या अडचणीत आल्या. त्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशात असे चुंबक बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. दुसरा मार्ग म्हणजे ही खनिजेच टाळणे. लोह आणि नत्र दोन्ही मुबलक आहेत.

अमोनियाच का?

हवेतील नत्राचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात, की एवढ्या कमी तापमानाला ते सुटत नाहीत. अमोनिया मात्र लोखंडाच्या पृष्ठभागावर फुटतो. त्यातला हायड्रोजन निघून जातो आणि सुटा नत्र अणू लोखंडात शिरतो.

तापमान कमी कशासाठी?

कारखान्यातले नायट्रायडिंग साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे होते. तिथे लोहाची जी नायट्राइडे तयार होतात, ती टणकपणासाठी उत्तम. पण शक्तिशाली चुंबकासाठी हवे असलेले नायट्राइड वेगळे आहे : लोहाच्या १६ अणूंमागे नत्राचे २. ते नाजूक असते. साधारण २०० अंशांच्या पुढे तापवले तर ते मोडू लागते आणि साधे लोह व दुसरे नायट्राइड उरते. म्हणून १३० ते १६० अंशांच्या आसपास काम करावे लागते.

मग कण ‘नॅनो’च का हवेत?

एवढ्या कमी तापमानाला नत्र लोखंडात अतिशय सावकाश सरकतो. जाड तुकड्याच्या गाभ्यापर्यंत तो पोहोचणारच नाही. काही दहा नॅनोमीटरचा प्रवास मात्र काही तासांत होतो. प्रयोगशाळेत आधी लोहाच्या ऑक्साइडचे कण हायड्रोजनमध्ये तापवून शुद्ध लोह मिळवतात. मग तापमान उतरवून अमोनिया सोडतात. आत शिरलेले नत्र अणू आधी कुठेही बसतात, नंतर ठरावीक जागा घेतात. त्यामुळे अणूंची रचना एका दिशेला दुसरीपेक्षा सुमारे १० टक्के लांब होते. हा ताण चुंबकत्वाला ठरावीक दिशा देतो. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांवर सिलिका किंवा अ‍ॅल्युमिनाचे आवरण देतात.

हा शोध नवा आहे का?

नाही. या नायट्राइडची रचना १९५१ मध्ये के. एच. जॅक यांनी उलगडली. १९७२ मध्ये जपानमध्ये त्याच्या पातळ थरांत प्रचंड चुंबकत्व दिसल्याचा दावा झाला. इतरांना तसे आकडे मिळेनात, म्हणून वाद अनेक वर्षे चालला. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातील संशोधनातून निघालेली नायरॉन मॅग्नेटिक्स ही कंपनी आता उत्पादनाच्या प्रयत्नात आहे.

अडचणी काय?

चुंबकत्व जास्त असले, तरी उलट चुंबकक्षेत्रासमोर टिकून राहण्याची ताकद निओडायमियमपेक्षा कमी आहे. शिवाय नेहमीच्या चुंबकांप्रमाणे भट्टीत तापवून भुकटीचा ठोकळा करता येत नाही, नायट्राइडच मोडते.

आपल्या पट्ट्याचा संबंध काय?

डीआरडीओची नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळा अंबरनाथमध्येच आहे, आजूबाजूला रसायन आणि इंजिनीअरिंगचे कारखाने आहेत. धातू, वायू आणि भट्टी हाताळणारे हात इथे तयार आहेत. पण अमोनिया विषारी, हायड्रोजन ज्वालाग्राही आणि लोखंडाची नॅनो भुकटी हवा लागताच पेट घेऊ शकते. २०१४ मध्ये वालधुनीत सोडलेल्या रसायनामुळे उल्हासनगरमध्ये शेकडो जण आजारी पडले होते. त्यामुळे उद्या असा उद्योग इथे आलाच, तर चुंबक किती शक्तिशाली, याआधी वायू किती सुरक्षित, हे रहिवाशांनी विचारणे रास्तच ठरेल.