अंधारखोलीतला नवा दिवा

नागपुरात वैशाखात सभा भरवायची तर ती दिवेलागणीनंतर, हा आपला जुना रिवाज आहे. आज आम्ही बोलणार आहोत ते एका दिव्याविषयीच. मात्र तो चौकात लावायचा नाही, अंधाऱ्या खोलीत लावायचा आहे. आम्ही इंजिनियर नाही की छायाचित्रकार नाही. आमचे शिक्षण मिलच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा जे सांगू ते हाताने करून पाहिलेले सांगू, आणि जे पुस्तकातून उचलले ते तसे बोलून दाखवू.

प्रसंग असा घडला. आमच्या युनियनच्या कचेरीत एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात गेटसभा, मोर्चे, बोनसच्या वाटाघाटी, कामगारांच्या मुलांची स्नेहसंमेलने, अशा प्रसंगांच्या निगेटिव्हच्या पट्ट्या गुंडाळून ठेवलेल्या आहेत. १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेली एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद झाली. या शहरातल्या कापडधंद्याचा बहुतेक पसारा अशा रीतीने डोळ्यांदेखत आवरला गेला. माणसे पांगली, काही वारली. पुढे एक बाई कचेरीत आल्या आणि म्हणाल्या, "यांचा एकही फोटो घरात नाही. तुमच्या पेटीत असेल तर द्या." पेटीत होता. दुसऱ्या रांगेत उभे, खांद्यावर रुमाल. पण निगेटिव्हवर माणूस काळ्याचा पांढरा आणि पांढऱ्याचा काळा दिसतो. ती बाईंच्या हातात देऊन काय उपयोग?

आमच्या ओळखीचे एक वृद्ध काका आहेत. एका स्टुडिओत त्यांनी चाळीसएक वर्षे अंधारखोलीत काढली. स्टुडिओ बंद झाला तेव्हा हिशेबापोटी त्यांना पैशांऐवजी तिथला जुना एन्लार्जर मिळाला. ती तक्रार वेगळी, तिची जागा ही नव्हे. आम्ही त्यांच्याकडे गेलो तर यंत्र कपाटावर धूळ खात पडलेले. आम्ही कारण विचारले. ते म्हणाले, "बल्ब भेटत नाही भाऊ. बल्ब नाही तं मशीन कायची जी?"

एन्लार्जर म्हणजे उभा केलेला मॅजिक लँटर्न. वर दिव्याचे घर, त्याखाली बहुधा काचेची दोन जाड भिंगे, ज्यांना कंडेन्सर म्हणतात, त्याखाली निगेटिव्ह, मग लेन्स, आणि तळाशी फोटोचा कागद. दिव्याचा उजेड निगेटिव्हमधून गाळून कागदावर मोठा होऊन पडतो. त्यात जो बल्ब लागतो तो साधा घरगुती नव्हे. तो दुधी काचेचा, ७५ किंवा १५० वॅटचा, काचेवर अक्षरांचा छापदेखील नसलेला असतो, कारण छापाची सावली फोटोवर उमटते. तारेचे बल्बच जगभर मागे पडले, तेव्हा ही खास जात कोण बनवणार? आपल्याकडे २०१५ पासून उजाला योजनेत स्वस्त एलईडी घरोघर गेले. घराचे वीजबिल उतरले ही चांगलीच गोष्ट, पण काकांचे यंत्र मुके झाले.

कोणी म्हणेल, निगेटिव्ह स्कॅन करा आणि छापून घ्या. तेही आम्ही केले आहे, घाईच्या कामाला ते उत्तम. पण नीट धुतलेला चांदीच्या क्षाराचा कागद पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. शिवाय एक कसबी हात रिकामा बसलेला असताना त्याला वळसा घालून जाणे आमच्या धंद्याला शोभत नाही.

आता तारेच्या बल्बचा स्वभाव पाहा. तो खातो त्या विजेचा फार थोडा भाग, शेकडा पाच-दहाच्या आत, उजेड होतो. बाकी सारी उष्णता. त्या उजेडातही पिवळा-तांबडा भाग जास्त, आणि काळ्यापांढऱ्या फोटोचा कागद तर तांबड्याला आंधळा असतो. त्याला दिसतो निळा आणि हिरवा. म्हणजे मजुरी ७५ वॅटची आणि कामाला आले ते चिमूटभर! नागपूरच्या मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळिशी ओलांडतो, खोलीला खिडकी नाही, डेव्हलपर मात्र २० अंशांवर राहिला पाहिजे. काका ट्रेखाली बर्फाची परात ठेवीत आणि डोक्याशी हा तापलेला डबा असे. दुसरा दुर्गुण व्होल्टेजचा. दाब शेकडा दहा उतरला तर तारेच्या बल्बचा उजेड शेकडा दहाने नव्हे, सुमारे तीसने उतरतो. शेजारी कूलर सुरू झाला की इकडे फोटो फिका. तिसरा दुर्गुण आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो. पत्र्याचे यंत्र, त्यात २३० व्होल्ट, अर्थिंगचा पत्ता नाही, आणि काम करणाऱ्याचे हात सदा ओले. काकांना किती वेळा झटका बसला ते त्यांनी मोजलेले नाही.

एलईडी म्हणजे दोन प्रकारच्या अर्धवाहक पदार्थांचा सांधा. त्यातून वीज एका दिशेने गेली की सांध्यापाशी उजेड निघतो, तार तापवावी लागत नाही. १९०७ मध्ये राउंड नावाच्या इंग्रजाला असा उजेड कार्बोरंडमच्या स्फटिकात दिसला. विसाच्या दशकात निझ्नी नोव्हगोरोदच्या रेडिओ प्रयोगशाळेतल्या ओलेग लोसेव या तरुण तंत्रज्ञाने त्याचा चिकाटीने अभ्यास केला. १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात तो उपासमारीने गेला. डोळ्यांना दिसणारा तांबडा एलईडी १९६२ मध्ये अमेरिकेत होलोन्याक यांनी केला. निळा मात्र कोणाला साधेना. तो नव्वदच्या दशकाच्या आरंभी जपानात साधला, आणि त्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. यांतले नाकामुरा एका कंपनीचे नोकर. त्या शोधाबद्दल त्यांना बक्षीस मिळाले वीस हजार येन. ते कोर्टात गेले. २००४ मध्ये टोकियोच्या कोर्टाने वीस अब्ज येन देण्याचा हुकूम केला, आणि पुढल्या वर्षी सुमारे ८४ कोटी येनांवर तडजोड झाली. युनियनवाल्याने हा मजकूर गाळावा अशी अपेक्षा कोणी करू नये.

निळ्या एलईडीशी आपल्या कामाचा थेट संबंध आहे. १९४० मध्ये इलफर्ड कंपनीने मल्टिग्रेड कागद आणला. त्याच्यावर निळा उजेड पडला की फोटो कडक उठतो, काळे-पांढरे ठसठशीत. हिरवा पडला की मऊ, मधल्या करड्या छटांचा. पूर्वी हे साधायला दिव्याखाली पिवळे नाहीतर जांभळट गाळणे लावीत. पिवळे निळ्याला अडवते, जांभळट हिरव्याला. पण ज्याच्यापाशी निळा आणि हिरवा दिवा वेगवेगळा आहे, त्याला गाळण्याची गरजच काय? आणि असे दिवे दिवाळीत सीताबर्डीवर आणि इतवारीत पट्टीच्या पट्टीने विकले जातात! तांबडा, हिरवा, निळा अशी रंग बदलणारी पट्टी आपण सर्वांनी मांडवात पाहिली आहे.

पण आम्ही एकदम तिथे पोहोचलो नाही, आधी चुकलो. पहिल्यांदा घरगुती पांढरा एलईडी बल्ब जुन्या होल्डरमध्ये बसवला. उजेड भरपूर. परंतु सगळे फोटो राखाडी, जणू धुक्यात काढलेले. वीस कागद वाया गेले. नंतर ध्यानात आले की बटणात निऑनचा बारीक दिवा होता. त्यातून झिरपणारी वीज तारेच्या बल्बला जाणवतही नाही, पण एलईडी तेवढ्यावर मिणमिणत राहतो. आम्ही अंधार समजून कागद मांडत होतो आणि वरून तो हळूच पाहत होता. शिवाय अशा बल्बच्या पोटात वीज साठवणारा कपॅसिटर असतो, त्यामुळे पेटायला आणि विझायला क्षणभर उशीर होतो. दहा सेकंदांच्या कामात तेवढ्यानेही हिशेब चुकतो.

मग पट्टी आणली, मीटरला साठ दिवे असलेली, १२ व्होल्टची. ती तीन-तीन दिव्यांच्या तुकड्यांत कापता येते, कारण आत तीन दिवे एकापाठोपाठ आणि सोबत एक रोधक अशी जोडणी असते. निळ्या किंवा हिरव्या दिव्याला सुमारे तीन व्होल्ट लागतात. तिघांचे नऊ झाले, उरलेले तीन रोधक अंगावर घेतो. म्हणून अडॅप्टर इमानदार पाहिजे. बाराचे तेरा झाले तर रोधकावर तीनचे चार होतात आणि प्रवाह एकदम तिसऱ्या हिश्श्याने वाढतो. चांगला अडॅप्टर घरचा दाब खालीवर झाला तरी बाराला धरून राहतो, आणि कूलरचा जाच तिथेच संपतो.

दहा सेंटिमीटर चौरस अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पत्र्यावर सहा-सहा दिव्यांच्या आठ ओळी चिकटवल्या. पत्रा लागतोच, कारण एलईडी समोर उष्णता फेकत नसला तरी पाठीने तापतो. एका रंगाला सुमारे चार वॅट लागले. दोन्ही मिळून आठ, पंचाहत्तरच्या जागी! कंडेन्सरची भिंगे काढून ठेवली. साइनबोर्डवाल्याकडून दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा आणून निगेटिव्हच्या थोडा वर बसवला. अगदी टेकवला तर त्याच्यावरची धूळही फोटोत येते. दिवे आणि दुधी पत्रा यांच्यात आधी दोन सेंटिमीटर अंतर ठेवले, तर कोऱ्या कागदावर ठिपक्यांची रांगोळी उमटली. चार केले, तेव्हा उजेड एकजीव झाला. ही परीक्षा निगेटिव्ह न घालता, कागद मध्यम करडा उठेल एवढाच उजेड देऊन करावी आणि चारी कोपरे मधल्या भागाशी ताडून पाहावेत.

भिंगे काढल्याने फोटो थोडा मऊ येतो. भिंगातून येणारा उजेड एका दिशेचा असतो. निगेटिव्हच्या दाट भागातले चांदीचे कण त्याला जास्त विखुरतात, म्हणून कडकपणा वाढतो. दुधी पत्र्याचा उजेड आधीच विखुरलेला, त्याला हा भेद होत नाही. ती उणीव निळा वाढवून भरता येते, आणि नफा असा की निगेटिव्हवरचे ओरखडे व धूळ बरीच झाकली जाते. आमच्या पेटीतल्या पट्ट्यांची दशा पाहता आम्हाला हाच सौदा परवडला.

पट्टीसोबत रिमोटचा डबा येतो, तो बाजूला ठेवावा. तो दिवे झपझप उघडझाप करून रंग कमी-जास्त करतो. आपल्याला साधी तीन बटणेच बरी. काकांचा जुना घड्याळी टायमर २३० व्होल्टचा. तो अडॅप्टरच्या आधी लावला तर पुन्हा उशिराचा घोळ. म्हणून टायमरने एक रिले चालवली आणि रिलेच्या संपर्कातून १२ व्होल्टची तार नेली. यंत्राच्या पत्र्याला आता १२ व्होल्टांपलीकडे काही पोहोचत नाही. रिले आणि अडॅप्टर भिंतीवर, पाण्यापासून दूर, झाकलेल्या पेटीत ठेवले आहेत.

तांबडा रंग चौकट जुळवायला आणि फोकस पाहायला कामी येतो. मात्र "तांबडा आहे म्हणजे निर्धोक" असे धरून चालू नये. कागदाच्या तुकड्याला आधी किंचित करडा उठेल एवढा उजेड द्यावा, त्यावर नाणे ठेवून पाच मिनिटे तांबड्याखाली राहू द्यावे आणि मग डेव्हलप करावा. नाण्याचा गोल दिसला तर तो दिवा लबाड. आमचा उतरला, पण प्रत्येकाने आपला तपासावा.

बाईंच्या फोटोला हिरवा बारा सेकंद आणि निळा सात सेकंद लागला. पहिल्या प्रतीत आकाश ठीक आले पण चेहरा काळवंडला. काकांनी तारेला पुठ्ठ्याची टिकली लावून निळ्याच्या वेळेत दोन सेकंद चेहऱ्यावर सावली धरली. टिकली हलत होती, हात नव्हता. डेव्हलपरमध्ये आधी रुमाल उमटला, मग मिशा.

आता दर रविवारी सकाळी, ऊन चढण्याच्या आधी, काका कचेरीच्या मागच्या खोलीत काम करतात. एका सुताराचा मुलगा त्यांच्या हाताखाली शिकतो आहे. कागद महाग आहे, म्हणून प्रतीमागे खर्चाएवढे पैसे घेतो आणि काकांची मजुरी त्यात धरतो. पेटीतल्या अर्ध्याहून अधिक पट्ट्या अजून पाहायच्या राहिल्या आहेत. ज्यांच्या घरचे कोणी त्या सभांना उभे होते, त्यांनी साल आणि खाते तेवढे आठवून यावे.