झांकलेलीं रोपें आणि दुपारचें ऊन

पौष-माघांतील थंडीनें कोवळीं रोपें गारठूं नयेत म्हणून तीं रात्रीं झांकून ठेवण्याची दक्षता परसबागेची हौस असलेल्या बहुतेक घरांत घेतली जाते. वांगीं, मिरची, टोमॅटो यांच्या वाफ्यावर कोणी काच ठेवतो, कोणी पारदर्शक प्लास्टिक ताणतो, तर कोणी बाटलीचा तळ कापून ती रोपावर उभी करतो. ही दक्षता योग्यच होय. परंतु रात्रीं ज्या आवरणानें रोप वांचविलें, तेंच दुपारीं त्याचा घात करतें, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. रोप मेलें म्हणजे दोष थंडीला, बियाण्याला अथवा खताला दिला जातो. म्हणून या विषयीं चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें.

देशावर जानेवारींत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरला, तरी दुपारीं तोच ३० अंशांच्या जवळ जातो. ही झाली मोकळ्या हवेची गोष्ट. बंद आवरणाखालीं उष्णता याहून पुष्कळ वाढते. काच उन्हाला आंत घेते आणि जमिनीची उष्णता बाहेर जाऊं देत नाहीं, एवढेंच कारण पूर्वीं सांगत असत. १९०९ सालीं रॉबर्ट वुड या अमेरिकन पदार्थविज्ञानवेत्त्यानें दोन काळ्या पेट्या घेऊन एकीवर काच व दुसरीवर खनिज मिठाची पारदर्शक तबकडी बसविली. मीठ उष्णतेचे किरण काचेप्रमाणें अडवीत नाहीं. तरीहि दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या आणि पारा सुमारें ५५ अंशांपर्यंत चढला. तात्पर्य, मुख्य दोष कोंडलेल्या हवेचा. उघड्यावर तापलेली हवा वर जाते व गार हवा तिची जागा घेते. झांकणाखालीं हा व्यवहारच थांबतो.

पानांतील सूक्ष्म रंध्रांवाटें पाण्याची वाफ बाहेर पडून पान थंड राहतें. हवा बाष्पानें भरली कीं ही सोयहि संपते. काचेच्या आंतील थेंब पाहून ओलावा भरपूर आहे अशा समजुतीनें आपण निश्चिंत असतों, आणि त्याच वेळीं पानें होरपळत असतात. शिवाय अशा दमट उबेंत बुरशी माजून रोपें बुंध्याशीं कुजतात व आडवीं होतात.

उपाय सोपे आहेत. बाटली असेल तर तिचें बूच काढून ठेवावें आणि खालची कड एका खड्यावर टेकवावी. म्हणजे खालून हवा आंत शिरेल व तापलेली वरून निघून जाईल. काचेची एक बाजू विटेच्या तुकड्यावर उचलून धरावी. प्लास्टिक दोन्ही टोकांस उघडें करावें. हें सर्व ऊन तापण्यापूर्वीं, सकाळीं आठच्या सुमारास व्हावें. आणि सूर्य कलला कीं पुन्हां झांकावें. दुपारीं रोप कोमेजलेलें आढळल्यास झांकण एकदम दूर करून त्यास भर उन्हांत उघडें पाडूं नये. प्रथम वर सावली धरावी, लगेच कड उचलून हवा द्यावी व मग मुळाशीं पाणी घालावें. कायमचें उघडें करावयाचें तेंहि आठ-दहा दिवसांत, रोज थोडा वेळ वाढवीत.

खरी अडचण आहे ती माणसाची. मुलें शाळेला व कर्ती मंडळी कामाला सकाळींच बाहेर पडतात, आणि ज्यानें रात्रीं झांकलें त्याला सकाळीं उघडण्यास सवड नसते. घर माणसांनीं भरलेलें असलें म्हणजे ‘कोणीतरी काढील’ या भरंवशावर काम राहतें. तें आजोबा-आजींपैकीं एकाकडे नांवानिशीं सोंपवावें. ज्या घरीं दिवसा कोणीच नसतें, त्यांनीं काच-प्लास्टिकाच्या नादीं न लागतां हवा खेळेल असें पातळ पांढरें कापड वापरावें. ऊब थोडी कमी मिळेल, पण रोप जगेल.

होळी झाली कीं मात्र हीं सर्व झांकणें माळ्यावर ठेवून द्यावीं. त्यापुढें रोपांस हवी ती सावली. आणि ती दोन-तीन हात उंचीवर हिरवी जाळी बांधून, चारी बाजू मोकळ्या सोडून करावी.