मनगट का दुखते?
जोयड्याहून मोटारसायकलने दांडेली गाठली की मनगटे ठणकतात आणि आपण रस्त्याला शिव्या देतो. दोष बहुधा लिव्हरचा असतो. (गाडी बसवलेली थोरल्याच्या मापाने, चालवतो धाकटा!) नेहमीसारखे बसून बोटे क्लच-ब्रेकच्या लिव्हरवर ठेवावीत, कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेत हवा. मनगट मागे मुडपत असेल तर लिव्हर फार वर आहे. तिच्या पकडीचा बोल्ट सैल करून ती जराशी खाली फिरवावी, बोल्ट पुन्हा आवळावा. अंगाचा भार हातांवर येत असेल तर हँडलच थोडे मागे घ्यावे.

हँडल हलवल्यावर एक तपासणी मात्र चुकवू नये. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पुरते वळवावे. इंजिनाचा आवाज चढला, तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जाते आहे; ती मोकळी केल्याशिवाय गाडी गणेशगुडीच्या वळणांवर नेऊ नये, कारण वळताना ती आपणहून वेग घेईल.