जिप्सी जॅझ-गिटार : आधी साथ, मग वादन



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून आपणांपैकी कित्येकांना नवल वाटले असेल. वसंत व्याख्यानमालेत गिटार कशाला, आणि तीही फ्रान्समधल्या जिप्सी लोकांची? प्रारंभीच सांगून टाकतो की, मी या वाद्यातला उस्ताद नव्हे. चाळिशी उलटल्यावर गिटार हाती घेतलेला एक विद्यार्थी आहे. तेव्हा मी जे सांगणार ते शिकविणाऱ्याच्या अधिकाराने नव्हे, तर शिकताना कोठे ठेच लागली आणि त्या ठेचेतून काय उमगले, एवढेच.

प्रथम नावाचा खुलासा. 'जिप्सी' हे नाव त्या लोकांनी स्वतःला दिलेले नाही. हे लोक इजिप्तमधून आले, अशा गैरसमजातून ते युरोपात रूढ झाले आणि त्यांच्यापैकी पुष्कळांना ते हिणकस वाटते. ते स्वतःला रोमा म्हणवितात, कोठे सिंती म्हणवितात, आणि फ्रान्समधली त्यांची एक शाखा स्वतःला 'मानूश' म्हणविते. मानूश म्हणजे आपला माणूसच! त्यांच्या बोलीत पाण्याला पानी म्हणतात, नाकाला नाकच म्हणतात, आणि दोनला दुइ, तिनाला त्रिन म्हणतात. सुमारे हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज भारताच्या वायव्य भागातून पश्चिमेकडे गेले, हे भाषापंडितांनी अशा शब्दांवरूनच ताडले. परंतु एवढ्या धाग्यावर 'ते संगीत मुळात आमचेच' असे म्हणण्याचा मोह आपण आवरावा हे बरे. हे संगीत घडले ते १९३० नंतरच्या पॅरिसमध्ये. अमेरिकेतून तबकड्यांवरून आलेले जॅझ, पॅरिसच्या नाचघरांतील अ‍ॅकॉर्डियनची गाणी आणि मानूश कुटुंबांतले पिढीजात वादन, या तिघांच्या मिलाफातून ते जन्मले. फ्रान्समध्ये त्याला 'जॅझ मानूश' असेच म्हणतात.

त्याचा कर्ता पुरुष म्हणजे जांगो राइनहार्ट. त्याचा जन्म २३ जानेवारी १९१० रोजी बेल्जियममधील लिबेर्शी या गावी एका फिरस्त्या कुटुंबात झाला. तो वाढला पॅरिसच्या वेशीबाहेरच्या तळांवर. लिहिणे-वाचणे जवळजवळ नाही आणि स्वरलिपीचा तर गंधही नाही. पोरवयातच तो बँजो घेऊन नाचघरांत अ‍ॅकॉर्डियनवाल्यांची साथ करू लागला. १९२८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याच्या राहत्या गाडीला रात्री आग लागली. गाडीत सेल्युलॉइडची कृत्रिम फुले होती, ती भडकली. जांगो वाचला, पण डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी कायमची आखडली. वादकाच्या दृष्टीने हा हात संपलाच होता. त्याच्या धाकट्या भावाने, जोसेफने, त्याला एक गिटार आणून दिली. दीडएक वर्षाच्या आजारपणात त्याने तर्जनी आणि मध्यमा या दोनच बोटांनी वाजविण्याची स्वतःची रीत बसविली. पुढे १९३१ च्या सुमारास तुलाँ येथे एका चित्रकाराच्या खोलीत त्याने लुई आर्मस्ट्राँगच्या तबकड्या ऐकल्या, आणि त्याला त्याची वाट सापडली.

ही कथा सांगताना आपण नेहमी दोन बोटांच्या चमत्काराशी थांबतो. मीही थांबत असे. परंतु तिच्यातील दुसरी गोष्ट मला फार उशिरा दिसली. ती अशी की, हा मनुष्य मुख्य वादक होण्यापूर्वी कित्येक वर्षे साथीदार होता. त्या कुळात आजही शिक्षणाचा क्रम बहुधा हाच असतो. पोराच्या हाती गिटार आली की, त्याने आधी काका-मामांच्या मागे बसून ठेका धरायचा. पुढे सरसावून वाजविण्याची पाळी मागाहून येते. आम्ही शहरी हौशी लोक मात्र पहिल्याच दिवशी तान घ्यायला बसतो. आमची गाडी अडते ती येथेच.

१९३४ साली पॅरिसमध्ये जांगोचा जो प्रसिद्ध पंचक उभा राहिला, त्याची मांडणी पाहा. व्हायोलिनवर स्तेफान ग्रापेली, मुख्य गिटारवर जांगो, साथीच्या गिटारवर जोसेफ राइनहार्ट व रोझे शापू, आणि डबल बास या माणसाएवढ्या उंच खर्जाच्या वाद्यावर लुई व्होला. पाचही तंतुवाद्ये. ड्रम नाही, पियानो नाही. सांगतात की, 'ग्रापेलीच्या मागे दोन गिटारी वाजतात, माझ्या मागे मात्र एकच,' अशी जांगोची तक्रार होती. म्हणून साथीला दुसरी गिटार आली. मुख्य वादकाने मागून घेतले ते आणखी साथीचे बळ, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

ड्रम नाही म्हटल्यावर ठेका कोण देणार? साथीची गिटार. आणि स्वरांचा आधार कोण देणार? तोही तीच. आपल्याकडे तबला आणि हार्मोनियम मिळून जे काम करतात, ते येथे एका माणसाच्या दोन हातांवर येते. या ठेक्याला फ्रेंचमध्ये 'ला पाँप' म्हणतात. पाँप म्हणजे पंप. हात खाली-वर होताना पंप मारल्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव.

आता हा ठेका कसा बसवायचा ते पाहू. चार मात्रा मोजा. पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर उजव्या हाताने वरच्या जाड तारांवर हलका आघात करावयाचा. दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर सगळ्या तारांवर झटक्याने, खणखणीत आघात करावयाचा. मर्म पुढेच आहे. या जोरकस आघाताबरोबर डाव्या हाताची बोटे तारांवरून न उचलता किंचित सैल करावयाची, म्हणजे नाद तत्क्षणी विझतो. नाद लांबला तर ठेका चिखलात रुतल्यासारखा होतो. नाद विझला म्हणजे त्या रिकाम्या जागेतच चाल निर्माण होते. कित्येक वादक पहिल्या व तिसऱ्या मात्रेच्या अगदी आधी खालून वर एक निसटता स्पर्श करतात. तो ऐकू येण्यापेक्षा जाणवावा इतकाच असतो. मनगट मोकळे हवे. जोर खांद्यातून नव्हे, हाताच्या वजनातून यावा.

डाव्या हाताने धरावयाचा स्वरसमूह, म्हणजे कॉर्ड, आपल्या सरगमीत सांगितला तर सोपा जातो. एक साधी कॉर्ड घ्या : सा, कोमल ग, प आणि शुद्ध ध. पाश्चात्त्य नावाने ती 'ए मायनर सिक्स' (येथे ए हा आपला सा). सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेवर पाचवा पडदा, चौथीवर चौथा, तिसरीवर व दुसरीवर पाचवा धरा. पाचवी व पहिली तार मुकी ठेवावी. त्या शुद्ध धैवताने उदास कॉर्डला एक तिखटपणा येतो. या संगीताची निम्मी चव त्या एका स्वरात आहे.

अशा तीन कॉर्डांवर एक संपूर्ण रचना उभी राहू शकते. जांगो व ग्रापेली यांनी १९३७ साली ध्वनिमुद्रित केलेली 'मायनर स्विंग' ही रचना मुख्यतः तीनच कॉर्डांची आहे. पहिली आपण पाहिली. दुसरी मध्यमावर उभी, तिसरी पंचमावर. चार मात्रांचे सोळा विभाग झाले की आवर्तन पुरे होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. जगभर या शैलीचे वादक प्रथम भेटले की, बहुधा हीच रचना काढतात. नवशिक्यानेही हिच्यापासूनच आरंभ करावा.

सराव कसा करावा? लयदर्शक यंत्र मिनिटाला ऐंशी मात्रांच्या गतीवर लावा, आणि त्याचा टोला पहिल्या मात्रेवर न धरता दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर धरा. मी पहिल्यांदा असे केले तेव्हा दोन आवर्तनांतच यंत्र एकीकडे आणि मी दुसरीकडे. मला वाटे, यंत्र बिघडले. मग आपलाच ठेका ध्वनिमुद्रित करून ऐकला. सोपी जागा आली की मी धावत होतो आणि कॉर्ड बदलताना अडखळत होतो. यंत्र शाबूत होते! पुढे सहा महिने मी दुसरे काहीही वाजविले नाही. ते सहा महिने वाया गेले असे तेव्हा वाटले, आज वाटत नाही.

आता मुख्य वादनाकडे वळू. येथे उजवा हात आधी समजून घ्यावा लागतो. १९३० च्या सुमारास नाचघरांत ध्वनिवर्धकाची सोय सहसा नसे. अ‍ॅकॉर्डियनच्या गलबल्यातून गिटार ऐकू जायची तर आघात बळकट हवा. म्हणून मनगट बाहेरच्या बाजूला वाकवून हात अधांतरी ठेवतात, तो वाद्यावर टेकवीत नाहीत. नखी जाड व कडक असते. खाली मारलेला आघात पुढच्या तारेवर जाऊन विसावतो. नियम एक : तार बदलली की आघात खालच्या दिशेनेच करावयाचा, मग आधीचा आघातही खालचा असला तरी हरकत नाही. हे विचित्र वाटते खरे, पण याच नियमामुळे प्रत्येक सुराला वजन येते. वाद्यही त्याच गरजेतून घडले. इटालियन वादक व कारागीर मारियो माकाफेर्री याच्या आराखड्यावरून पॅरिसच्या सेल्मर कंपनीने १९३२ पासून ज्या गिटारी केल्या, त्यांचा आवाज धारदार आणि दूर पोचणारा असे. १९५२ पर्यंत त्या हजारांहूनही कमीच निघाल्या. पण आजही या शैलीच्या गिटारी त्याच घाटाच्या केल्या जातात.

आणि सूर कोणते घ्यावयाचे? नवशिका येथे एखादी सरगम पाठ करून ती वरखाली पळवितो. जांगोची रीत तशी नव्हती. मागे जी कॉर्ड वाजत असेल, तिचेच सूर एकामागून एक वाजवावयाचे, हा पाया. त्यात पहिली भर म्हणजे प्रत्येक सुराकडे एक पडदा खालून येणे. गायक स्वराला खालून स्पर्श करून वर येतो, तशी काहीशी ही लकब. दुसरी भर पंचमावरच्या कॉर्डची. तिच्यावर शुद्ध नी, रे, म आणि कोमल ध हे चार सूर घेतात. हे चौघे एकमेकांपासून बरोबर तीन-तीन पडद्यांवर असतात. म्हणून बोटांची एकच ठेवण तीन पडदे वर सरकविली की तेच सूर पुन्हा नव्या क्रमाने मिळतात. तिसरी आणि महत्त्वाची गोष्ट : कॉर्ड जेथे बदलते तेथे आपला सूरही नव्या कॉर्डमधला लागला पाहिजे. तबलजीच्या ठेक्यावर समेवर येण्याची जी गंमत, तीच येथे कॉर्डच्या बदलावर येण्यात आहे. हे ज्याला साधले, त्याचे वादन मागची साथ बंद केली तरी साथीसकट ऐकू येते.

मग ही वळणे आतून कोणाला ठाऊक असतात? ज्याने तीच आवर्तने शेकडो वेळा मागे बसून वाजविली आहेत, त्याला. साथ ही वादनाची पायरी नव्हे, ते वादनाचे घरच आहे, असे मी म्हणतो ते यासाठी.

दोन बोटांनीच वाजवावे काय, असे कोणी विचारील. जखमेची नक्कल करण्यात अर्थ नाही, आणि आजचे बहुतेक वादक जास्त बोटे वापरतात. परंतु जांगोच्या एखाद्या तानेचा तुकडा दोनच बोटांनी वाजवून पाहावा. मग कळते की, त्याच्या ताना तारांवरून आडव्या न जाता एकाच तारेवर उभ्या का धावतात. त्या हाताला जवळचा रस्ता तोच होता.

मे १९५३ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, जांगो गेला. सॅमोआ-स्युर-सेन या नदीकाठच्या गावी त्याचे अखेरचे दिवस गेले. १९६८ साली तेथे त्याच्या नावाने पहिला महोत्सव झाला. पण या संगीताच्या टिकण्याचे कारण महोत्सव नव्हे. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी निदान दोन लाख, आणि काही अंदाजांप्रमाणे पाच लाख, रोमा व सिंती लोकांची हत्या केली. १९४३ साली खुद्द जांगो स्वित्झर्लंडमध्ये निसटू पाहत होता, त्याला सरहद्दीवरून परत फिरविण्यात आले. ज्यांच्यापाशी शाळा नाहीत, लिहिलेली स्वरलिपी नाही, त्यांचे संगीत अशा संहारातून टिकले कसे? कुटुंबातल्या त्या मागच्या खुर्चीने ते टिकविले. पोरगा वडिलधाऱ्यांमागे ठेका धरून बसला, त्याचे कान तयार झाले, आणि एक दिवस कोणीतरी त्याला म्हणाले, 'आता तू वाजव'. आल्सासचा बिरेली लाग्रेन, हॉलंडचा स्टोकेलो रोझेनबर्ग हे नामवंत अशाच घरांतून आले. स्टोकेलोच्या शेजारी त्याचा चुलतभाऊ नूशे हा १९८९ पासून अनेक वर्षे त्यांच्या त्रयीत साथीची गिटार वाजवीत असे. टाळ्या बहुधा स्टोकेलोला पडत. पण जाणता श्रोता नूशेच्या उजव्या हाताकडे पाही.

श्रोतेहो, आपणांपैकी एखाद्या तरुणाने वा माझ्यासारख्या प्रौढाने गिटार हाती घेतलीच, तर माझी विनंती एवढीच : आधी एक जोडीदार शोधा. तो वाजवील तेव्हा तुम्ही ठेका धरा, आणि तुमची पाळी येईल तेव्हा तो धरील. एकट्याने पाठ केलेली तान एकट्यापुरती राहते. माझी स्वतःची तान अजून लंगडतेच आहे. पण परवा एका तरुण वादकामागे मी पाऊण तास ठेका धरला, आणि उठताना तो म्हणाला, 'काका, आज मला लयीची काळजी करावी लागली नाही'. ते प्रशस्तिपत्र खिशात ठेवून मी आपली रजा घेतो.