रिपोर्टावरचा बाण पाहून घाबरू नका

परवा वेल्ह्याहून, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातून, एक ताई भोरला आमच्या घरी आल्या. जयभीम घातला आणि पिशवीतून मुलीचे रक्ताचे रिपोर्ट काढले. कारकुनाकडे लोक अर्ज लिहून घ्यायला येतात, तसे कागद वाचून घ्यायलाही येतात. मुलगी 17 वर्षांची. एलएच आणि एएमएच या दोन आकड्यांपुढे वर जाणारा बाण छापलेला. शेजारणीने सांगून टाकले होते, "पीसीओएस आहे, हिला मूल व्हायचे नाही." ताईंना दोन रात्री झोप नव्हती.

आम्ही बीकॉम, डॉक्टर नव्हे. पण एका आकड्यावरून ताळेबंद होत नाही, एवढे आम्हाला कळते.

भगिनींनो, या विकाराची कसोटी 2003 साली रॉटरडॅम येथे ठरली. पाळी अनियमित असणे, पुरुषी हार्मोन वाढणे किंवा त्यामुळे हनुवटीवर राठ केस येणे, आणि सोनोग्राफीत बीजकोश पुष्कळ बारीक पुटकुळ्यांनी भरलेला दिसणे. या तिनांपैकी दोन गोष्टी लागतात. 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार मोठ्या बाईत सोनोग्राफीऐवजी एएमएच चालतो. कोवळ्या मुलीत मात्र दोन्ही धरायचे नाहीत, कारण त्या वयात ते एरवीही वाढलेले असू शकते. तिथे पहिल्या दोन्ही गोष्टी हव्यात. एलएचचा आकडा तर कसोटीत नाहीच.

मोजपट्टी बदलली की काय होते पाहा. परळच्या प्रजनन संशोधन संस्थेने मुंबईतल्या 15 ते 24 वयाच्या मुली तपासल्या. 2014 साली निष्कर्ष आले : रॉटरडॅमच्या कसोटीने 22.5 टक्के, दुसऱ्या कडक कसोटीने 10.7 टक्के. मुली त्याच!

टेस्टोस्टेरॉन तपासताना पाळीच्या हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर आकडा खोटा कमी येतो; डॉक्टरांना विचारून त्या तीन महिने आधी थांबवाव्या लागतात. थायरॉइड व प्रोलॅक्टिन तपासतात ते दुसरे दुखणे नाही ना, हे पाहण्यासाठी. निदान पक्के झाले तर साखर तपासून घ्यावी, मुलगी सडपातळ असली तरी. आणि मुलाचे म्हणाल तर पीसीओएस असलेल्या बहुतेक बायकांना मुले होतात. काहींना औषध लागते, इतकेच.

आम्ही मुलीलाच विचारले, पाळी कशी येते? ती हळूच म्हणाली, "कधी महिन्याने, कधी दोन महिन्यांनी." पाळी सुरू होऊन चार वर्षे झालेली, अशा वेळी 21 ते 35 दिवसांचे अंतर ठीक. म्हणजे एक गोष्ट खरी होती. दुसरी पाहायला रिपोर्ट पुन्हा चाळला, तर टेस्टोस्टेरॉन तपासलेलेच नव्हते! एवढे पैसे मोजून जे हवे तेच राहिले.

चिठ्ठीवर तेवढा एक प्रश्न लिहून ताईंना पुन्हा डॉक्टरांकडे पाठवले. मुलीने आमच्या भिंतीवरचे जुने कॅलेंडर मागून नेले, मागच्या तारखा आठवून लिहिते म्हणाली.