पेशीच्या मृत्यूची शिस्त

शालेय पाठ्यपुस्तकांतून पेशीतील लयकारिकांचा परिचय 'आत्मघाती पिशव्या' या नावाने करून दिला जातो. बेल्जियन शास्त्रज्ञ ख्रिश्चन द दूव्ह यांनी १९५५ मध्ये या अंगकाचे अस्तित्व जगापुढे मांडले. पाचक विकरांनी भरलेली ही पिशवी फुटली की पेशी स्वतःलाच पचवून टाकते, असे उत्तर विद्यार्थी वर्षानुवर्षे लिहीत आले आहेत आणि त्याला पूर्ण गुणही मिळत आले आहेत. हे उत्तर सर्वस्वी चुकीचे नाही. पण अपुरे आहे. लयकारिकांचे नित्याचे काम जीर्ण अंगके व बाहेरून आलेले पदार्थ यांची विल्हेवाट लावण्याचे. पेशी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रीतीने मरते तेव्हा त्याची सूत्रे बहुधा दुसऱ्याच अंगकाकडून हलतात. ते अंगक म्हणजे पेशीला ऊर्जा पुरविणारी तंतुकणिका.

पेशीला मरण दोन प्रकारे येते. भाजल्याने किंवा रक्तपुरवठा तुटल्याने मरणारी पेशी फुगते, तिचे पटल फाटते आणि आतील द्रव्य आजूबाजूला सांडून तेथे दाह होतो. दुसरे मरण निःशब्द असते. पेशी आक्रसते, केंद्रकातील द्रव्य घट्ट होते, गुणसूत्रांतील डीएनएचे ठरावीक लांबीचे तुकडे पडतात आणि पटलात गुंडाळलेल्या लहान लहान पुरचुंड्यांत पेशी विभागली जाते. शेजारच्या व भक्षक पेशी या पुरचुंड्या गिळून टाकतात; मागे सूज राहत नाही की व्रण. केर, वायली आणि करी या तिघांनी १९७२ मध्ये या प्रकाराला 'अ‍ॅपॉप्टोसिस' हे नाव दिले. झाडाची पाने गळून पडणे, असा त्या ग्रीक शब्दाचा अर्थ आहे. मराठीत त्याला नियोजित पेशीमृत्यू म्हणता येईल.

गर्भाच्या हाताची बोटे आरंभी सुटी नसतात. हात एखाद्या वल्ह्यासारखा सपाट असतो आणि बोटांमधल्या पेशी मेल्यावरच बोटे मोकळी होतात. बदकाच्या पायात ही छाटणी अपुरी होते, म्हणून पोहण्याजोगा पडदा शिल्लक राहतो. बेडूकमाशाचे शेपूटही असेच नाहीसे होते.

एका कृमीचा हिशेब

हा मृत्यू आनुवंशिक आज्ञेने होतो, हे सिद्ध केले जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका पारदर्शक कृमीने. सिडनी ब्रेनर यांनी तो संशोधनासाठी निवडला होता. जॉन सल्स्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या एकेका पेशीची वंशावळ मांडली. त्याच्या शरीरघडणीत १,०९० पेशी निर्माण होतात आणि त्यांपैकी नेमक्या १३१ मरतात. प्रौढ कृमीत ९५९ उरतात. मरणाऱ्या पेशी दर वेळी त्याच असतात. रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी पुढे असे जनुक शोधले की, जे बिघडल्यास मरावयाच्या पेशी जगतात. या तिघांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तशीच जनुके माणसातही आढळली.

माणसाच्या पेशीत ही व्यवस्था अधिक गुंतागुंतीची आहे. तंतुकणिकेच्या दोन पटलांमधील पोकळीत सायटोक्रोम-सी हे प्रथिन असते. ऊर्जानिर्मितीत इलेक्ट्रॉनांची ने-आण करणे हे त्याचे रोजचे काम. परंतु डीएनएची दुरुस्तीपलीकडे हानी झाली की बाहेरच्या पटलाला छिद्रे पडतात आणि हे प्रथिन पेशीद्रव्यात उतरते. तेथे ते दुसऱ्या एका प्रथिनाशी जोडले जाऊन सात आऱ्यांच्या चाकासारखी रचना बनते. ती 'कॅस्पेज' नावाच्या निद्रिस्त विकरांना जागे करते. हे विकर मग पेशीचा सांगाडा व केंद्रकाचे आवरण पद्धतशीरपणे कापून काढतात. ऊर्जा देणारे प्रथिनच मृत्यूचा निरोप नेते, हे १९९६ मध्ये उघड झाले तेव्हा अनेक जाणकारांनाही ते पटण्यास वेळ लागला.

मरण नाकारणारी पेशी

हानी झालेल्या पेशीला थांबविण्याचा किंवा संपविण्याचा निर्णय करणाऱ्या प्रथिनांत पी-५३ प्रमुख आहे. ते निकामी झाल्यास सदोष पेशी मरत नाही, वाढत राहते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात नेमके हेच घडते. या रोगाला कारण होणाऱ्या ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचे ई-६ हे प्रथिन पी-५३ ला पकडून पेशीच्याच प्रथिने मोडणाऱ्या यंत्रणेच्या हवाली करते. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून हा विषाणू आपोआप जातो. काहींच्या शरीरात तो टिकतो आणि कर्करोग होण्यास बहुधा दहा-वीस वर्षे लागतात. एवढा दीर्घ अवधी हाती असणे ही वैद्यकातील दुर्मीळ संधी होय.

तिचा उपयोग करता येतो, याचा पुरावा महाराष्ट्रातच मिळाला. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा या पाहणीत समावेश होता. त्यात मुंबईचे टाटा स्मारक केंद्र व बार्शीचे कर्करोग रुग्णालय सहभागी होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या गटाची या विषाणूसाठी केवळ एकदा तपासणी केली गेली, त्यात या रोगाने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळजवळ निम्मे झाले.

विषाणूचा संसर्ग होण्यापूर्वीच, म्हणजे ९ ते १४ या वयात, मुलींना लस देणे सर्वांत परिणामकारक ठरते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. मात्र आधीच झालेला संसर्ग लस दूर करू शकत नाही. म्हणून मुलीला लस टोचून घेण्यासाठी आलेल्या आईची तपासणी वेगळीच करावी लागते.