बायबल-अभ्यासप्रणाली, श्राव्य व बहुमाध्यमी

बायबलची संहिता, तिची निरनिराळी भाषांतरे, शब्दकोश व भाष्ये संगणकावर एकत्र वाचण्याची सोय करणाऱ्या आज्ञावलींस बायबल-अभ्यासप्रणाली म्हणतात. संहितेच्या जोडीला ध्वनिमुद्रित वाचन, यांत्रिक उच्चारण, चित्रे व नकाशे यांची सोय केली, म्हणजे अशी प्रणाली बहुमाध्यमी होते. जिची मूळ आज्ञावली कोणासही पाहण्यास, बदलण्यास व पुन्हा वाटण्यास मोकळी असते, ती प्रणाली मुक्तस्रोत होय. या वर्गात क्रॉसवायर बायबल सोसायटी या संस्थेचा ‘सोर्ड’ प्रकल्प विशेष महत्त्वाचा असून पुढील विवेचन मुख्यतः त्याच्या अनुरोधाने केले आहे.

बायबलचे श्रवण त्याच्या खाजगी वाचनाहून जुने आहे. सभास्थानांत व चर्चमध्ये ते मोठ्याने वाचले जाई. १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेले फादर टॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण हेही गोव्यातील श्रोत्यांना ऐकविण्यासाठीच रचलेले होते. निरक्षर व अंध यांच्यासाठी ध्वनिमुद्रणाचा उपयोग विसाव्या शतकात सुरू झाला. जॉय रिडरहॉफ यांनी १९३९ मध्ये लॉस अँजेल्स येथे ‘गॉस्पेल रेकॉर्डिंग्ज’ हे कार्य आरंभिले. ‘फेथ कम्स बाय हिअरिंग’ या अमेरिकन संस्थेचा आरंभ १९७२ मधील आहे. ध्वनिमुद्रणे अशा प्रकारे आधीपासून उपलब्ध होती. अभ्यासप्रणाली मात्र मुद्रित पानाच्या कल्पनेतून घडल्या. या दोहोंची सांगड घालणे वाटते तितके सोपे नाही.

सोर्ड प्रकल्पाच्या गाभ्याशी एक सामाईक आज्ञासंग्रह आहे. ‘योहान ३ : १६’ यासारखा संदर्भ दिला, की संबंधित ग्रंथघटकातून तेवढे वचन काढून देणे हे त्याचे मुख्य काम. ते पडद्यावर मांडण्याचे काम झिफॉस, बायबलटाइम इ. स्वतंत्र दर्शनी आज्ञावली करतात. ध्वनी वाजविण्याचा प्रश्न या दर्शनी भागाकडे येतो आणि तेथे प्रत्येकाचा पाया निराळा असतो. झिफॉस ही जीटीके या साधनसंचावर, तर बायबलटाइम क्यूटीवर उभारलेली आहे. अँड बायबल ही अँड्रॉइड भ्रमणध्वनींसाठी आहे. त्यामुळे एकच सोय प्रत्येक ठिकाणी नव्याने करावी लागते. बहुतांश स्वयंसेवकांवर चालणाऱ्या कार्यात हा भार लहान नव्हे.

वचन व ध्वनी यांची जुळणी : खरी अडचण निराळीच आहे. अभ्यासप्रणालीचे सर्व व्यवहार वचनाच्या क्रमांकावर चालतात. प्रॉटेस्टंट बायबलच्या ६६ पुस्तकांत १,१८९ अध्याय असून इंग्रजी किंग जेम्स भाषांतरात ३१,१०२ वचने आहेत. वाचकाच्या आवाजास हे क्रमांक ठाऊक नसतात. ध्वनिमुद्रण सामान्यतः एका अध्यायाचे एक असे असते. संपूर्ण अध्याय वाजविणे सोपे. पण वाचले जात असलेले वचन पडद्यावर ठळक करावयाचे, किंवा वचनावर बोट ठेवताच तेथून वाचन सुरू करावयाचे, तर प्रत्येक वचनाचा आरंभ कितव्या सेकंदास होतो हे कळले पाहिजे.

ही नोंद कान लावून हाताने करता येते, परंतु एकतीस हजार वचनांसाठी ते काम किती कंटाळवाणे आहे हे सांगावयास नको. यावर ‘एनिअस’ या मुक्तस्रोत साधनाची युक्ती मार्मिक आहे. संहिता प्रथम ई-स्पीक यासारख्या यंत्राकडून उच्चारून घेतात. त्या उच्चारणातील प्रत्येक वचनाची वेळ अर्थातच माहीत असते. नंतर यांत्रिक व मानवी अशा दोन्ही ध्वनींची वर्णपटीय लक्षणे काढून, एकाचा कालाक्ष ताणून वा आखडून दुसऱ्याशी जुळवितात. यंत्राचा आवाज कर्कश असला तरी चालतो, कारण तो कोणास ऐकवावयाचा नसतो. भाषेसाठी उच्चारयंत्र नसल्यास जवळच्या भाषेचे वापरूनही काम भागते. निष्पन्न होणारी कालसूची संहितेपासून वेगळी ठेवणे इष्ट. मग एकाच संहितेस अनेक आवाज जोडता येतात. याच तत्त्वावर ई-पब ३ या ग्रंथ-मानकात ध्वनी व संहिता यांच्या मेळाची तरतूद २०११ मध्ये करण्यात आली.

तरीही चुका उरतातच. लिब्रिव्हॉक्सच्या ध्वनिमुद्रणांत आरंभी एक निवेदन असते. ते वगळले नाही, तर पहिली वचने सरकतात. स्तोत्रांची शीर्षके काही वाचक वाचतात, काही गाळतात. हिब्रू परंपरेत अशा शीर्षकांना बहुधा क्रमांक असतो. म्हणून स्तोत्र ५१ मध्ये हिब्रूत २१, तर इंग्रजीत १९ वचने आहेत. मलाखीच्या पुस्तकाचे हिब्रूत तीन, तर मराठीत चार अध्याय आहेत. एका परंपरेची कालसूची दुसऱ्या परंपरेतील संहितेस जशीच्या तशी लावली, तर श्रोत्यास एक वचन ऐकू येते व दिसते दुसरेच. अंध श्रोत्यास तर ही चूक कळण्याचा मार्गच नसतो.

ध्वनिमुद्रण नसेल तेथे यांत्रिक उच्चारण हा पर्याय उरतो. झिफॉसमध्ये एडिंबरो विद्यापीठाच्या फेस्टिव्हल या यंत्रणेकरवी, तर अँड बायबलमध्ये भ्रमणध्वनीतील उच्चारयंत्राकरवी संहिता वाचून घेता येते. येथे कालसूचीची गरज नाही आणि वचन क्रमांकानिशी हाती असते. ई-स्पीकमध्ये मराठीचाही समावेश आहे. तथापि ‘च’ व ‘ज’ यांचे दुहेरी उच्चार, शब्दान्तीच्या अकाराचा लोप आणि नबुखद्नेस्सर यासारखी विशेषनामे ही मराठी वाचनातील कठीण स्थळे होत.

आकारमानाचा प्रश्न आता पूर्वीइतका तीव्र नाही. इंग्रजी संहिता पाच मेगाबाइटांहून कमी जागेत मावते. पंचाहत्तर तासांचे वाचन सेकंदास ६४ किलोबिट या दराने साठविल्यास दोन गिगाबाइटांहून थोडी अधिक जागा लागते. एमपी३ या स्वरूपावरील एकस्वांमुळे मुक्तस्रोत वितरणांत ऑग व्हॉर्बिस पसंत केले जाई. एमपी३चा परवाना-कार्यक्रम २०१७ मध्ये बंद झाल्यावर हे कारण उरले नाही. चित्रे व नकाशे यांत विशेष तांत्रिक अडचण नाही. गुस्ताव्ह दोरे यांची १८६६ मधील बायबल-चित्रे हक्कमुक्त असल्याने सहज वापरता येतात.

हक्क : संहिता हक्कमुक्त असली, तरी तिचे ध्वनिमुद्रण तसे असतेच असे नाही. भारतीय कॉपीराइट अधिनियम १९५७ नुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क स्वतंत्र असून प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. पंडिता रमाबाईंचे मराठी भाषांतर १९२४ मध्ये त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. त्याची संहिता मोकळी असली, तरी आज कोणी ते वाचून मुद्रित केल्यास त्या मुद्रणाचा हक्क नव्याने निर्माण होतो. आज्ञावलीचा परवाना मुक्त असल्याने तिच्यातून वाजणारा आवाज आपोआप मुक्त होत नाही. अनेक संस्था ध्वनिमुद्रणे विनामूल्य ऐकू देतात, परंतु त्यांचे तुकडे करण्यास वा त्यांच्या प्रती वाटण्यास संमती देत नाहीत. म्हणून वर्ल्ड इंग्लिश बायबल यासारखी हक्कमुक्त संहिता आणि लिब्रिव्हॉक्सवरील स्वयंसेवकांचे हक्कमुक्त वाचन यांची जोडी अशा प्रयोगांसाठी सोयीची ठरते. मराठीसाठी अशी जोडी करावयाची, तर वाचकाची लेखी संमती ध्वनिमुद्रणापूर्वीच घ्यावी लागेल.